पाण्याकडे पडलेल्या सावल्या

३ फेब्रुवारी

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते न उघडताच बाजूला टाकशील, म्हणून मागच्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहिलंय: 'आईचं काम आहे.' आता उघडलंच आहेस तर बसून नीट वाच.

आईच्या डोळ्यांचा पडदा खराब होत चाललाय. समोर माणूस उभं राहिलं की कडेचं दिसतं, मधला चेहरा पुसट होतो. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती जपायची. किती दिवस जपता येईल ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही खोदून विचारलं नाही. आई मात्र दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना अगदी सहज म्हणाली, "दिसतंय तोवर एकदा ते पाणी दाखव रे."

कुठलं पाणी ते तुला सांगायला नको. शिवणाच्या दुकानात कटिंगच्या टेबलावर भिंतीला टांगलेला तो फोटो. लग्नानंतर महिन्याभरात आई-बाबा दोघं कुठेसं गेले होते. बाबांनी उभ्या आयुष्यात स्वतःच्या मर्जीने दुकान बंद ठेवलं ते तेवढंच. फोटोत घाटासारख्या रुंद पायऱ्या, मागे पाणी, पलीकडे सुपासारखी टेकडी, कडेला घड्याळाचा मनोरा, आई हसतेय आणि बाबा छातीशी हात धरून पुढाऱ्यासारखे उभे. ठिकाण कुठलं? आईला विचारलं की म्हणायची, "मला काय माहीत, रात्रभर गाडीत झोपले होते, उतरले तर समोर पाणी. नाव त्यांना विचार." आता विचारायचं कुणाला?

भिंतीवरचा फोटो ओल येऊन गेला. चेहऱ्यांच्या जागी नुसते डाग उरले. पण बाबांच्या पेटीत निगेटिव्ह सापडली. स्टुडिओवाले म्हणाले, हे आता आम्ही करत नाही. म्हटलं, नका करू. मोबाइलच्या पांढऱ्या पडद्यावर निगेटिव्ह ठेवली, दुसऱ्या मोबाइलने वरून फोटो काढला आणि काळ्याचं पांढरं करायचं माझं मीच शिकलो. इतका स्वच्छ आलाय की आईच्या कपाळावरच्या बटेतले केस मोजता येतात.

आणि हा फोटो मी टाकलाय आमच्या ग्रुपवर. हो, तोच ग्रुप. 'कुठलं हे?' नावाचा. लोक जुने फोटो टाकतात आणि आम्ही बाकीचे सावली, डोंगर, दिव्याचे खांब, गटाराची झाकणं बघून जागा शोधून देतो. दोन वर्षांपूर्वी दुकानात गिऱ्हाइकासमोर तू ज्याला "जगाच्या फोटोंना अंगठे दाखवत बसायचा धंदा" म्हणालीस, तोच. त्यावर मी तुला काय म्हणालो ते मला आठवतंय आणि तुलाही आठवत असणार, कारण त्यानंतर तू दुकानात पाऊल टाकलेलं नाहीस. सुरुवात कुणी केली हा विषय आज नको.

फोटोची प्रत सोबत जोडली आहे. तुला काही आठवत असेल, बाबा कधी काही बोलले असतील, तर कळव. माझ्यासाठी नको, आईसाठी.

धाकटा

२१ फेब्रुवारी

ताई,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे. पण बातमी अशी आहे की ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही: जागा सापडली!

आमच्यात एक 'सावलीवाले' आहेत. आयुष्यभर जमीनमोजणी केली, आता निवृत्त. खरं नाव कुणालाच माहीत नाही; तिथे टोपणनावंच, मला सगळे 'सरळ टाका' म्हणतात. त्यांनी मनोऱ्यावरचं घड्याळ पकडलं. आकडे नाहीत, नुसत्या रेघा आहेत, पण काटे स्पष्ट आहेत: चारला दहा कमी. म्हणजे दुपार कलली, ऊन पश्चिमेकडून. सावल्या पडल्यात पाण्याच्या बाजूला. म्हणजे पाणी पायऱ्यांच्या पूर्वेला. काय सोपं आहे बघ! आता रात्रभराच्या गाडीच्या टप्प्यात, पूर्वेला पाणी आणि काठावर मनोरा, अशी ठिकाणं किती असणार?

दुसऱ्या आहेत 'खांबवाली'. वीज खात्यात होत्या. दिव्याचा खांब बघून तो कुठल्या कारखान्यात ओतला ते सांगतात. मनोऱ्याजवळच्या खांबाला दोन हात आहेत, एक लांब, एक आखूड. त्या म्हणाल्या, "खांबाच्या फ्यूजच्या झाकणासमोर उभं राहिलं की लांब हात नेहमी उजवीकडे असतो. इथे तो डावीकडे का?" सावलीवाले म्हणाले, "बाई, खांब डावखुरा असेल!" झाला वाद. चार दिवस दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. आमची ही माझ्या खांद्यावरून वाचत होती. म्हणाली, "तुमच्या घराण्यातलेच दिसतायत."

तर अशी दोन-तीन ठिकाणं चाळून शेवटी एक तळं नक्की केलं. पायऱ्या आहेत, पूर्वेला पाणी आहे, पलीकडे टेकडीही आहे. मनोरा नाही, पण पडला असेल, पाडला असेल.

आई एकच घोळ घालते. म्हणते, "आम्ही सकाळी गेलो होतो, लोक तोंडात ब्रश धरून फिरत होते, अशी सकाळ होती." मी म्हटलं, आई, घड्याळात बघ, पावणेचार वाजून गेलेत. तर म्हणते, "घड्याळ खोटं असेल." मग फोटो डोळ्यांच्या अगदी कडेला नेऊन म्हणाली, "हे आमचंच आहे, पण मला कसंतरी परकं वाटतंय." नजरच गेलीय, तिचा तरी काय दोष.

रविवारी तिला घेऊन निघतोय. सगळं आखलंय. कुठल्या डब्यात चढलं तर उतरताना जिना समोर येतो, इथपर्यंत.

धाकटा

१२ मार्च

ताई,

ते नव्हतं.

आईने पायऱ्यांवर उभं राहून सगळीकडे मान वळवली. मान वळवून कडेने बघायची सवय लागलीय तिला आता. खूप वेळ बघितलं आणि मग माझ्या दंडावर थोपटून म्हणाली, "छान आहे हो. हवा छान आहे." आपल्याकडे नवीन गिऱ्हाईक ड्रेस घालून बघतं आणि आवडला नाही की "कापड छान आहे" म्हणतं ना, अगदी तसं. मला काय कळायचं ते कळलं.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसून होती. मधेच म्हणाली, "राहू दे रे आता. मनात आहे तेवढं पुरे." मला ते 'राहू दे' फार लागलं. दिवाळीपर्यंत ती सुईत दोरा ओवायची. आता मी तिच्या हातातून सुई काढून घेतो आणि ती निमूट देते.

ग्रुपवर मी खरं काय ते लिहिलं: 'चुकलं.' सावलीवाल्यांनी पुन्हा सगळं तपासलं, हिशोब बरोबरच येतो म्हणाले. हिशोब बरोबर आणि उत्तर चूक, असं माझ्या हातून कधी होत नाही. तुला हे का लिहितोय कोण जाणे. ही म्हणाली, "त्यांना लिहा, दुसऱ्या कुणाला लिहिणार?"

धाकटा

२० मार्च

तायडे!

तुझं कार्ड आलं. दोन वर्षांनी एक ओळ, तीही प्रश्नच: 'बाबांच्या शर्टाचा खिसा उजवीकडे कसा?'

पोस्टमन समोर उभा, गिऱ्हाईक पॅन्टची उंची द्यायला स्टुलावर उभं, आणि मी टेप गळ्यात तसाच ठेवून मटकन खाली बसलो. गिऱ्हाईक घाबरलं. म्हणालं, "काही वाईट बातमी?" मी म्हटलं, "खिसा! खिसा उजवीकडे आहे!" ते बिचारं स्वतःचाच खिसा चाचपायला लागलं.

बाबांनी जन्मात एक शर्ट उजव्या खिशाचा शिवला असेल तर शपथ. आणि मी, त्यांच्याच हाताखाली शिकलेला, दीड महिना तो फोटो रोज उठून बघतोय! लोकांच्या कॉलरची टोकं गव्हाच्या दाण्याइतकी वरखाली असली तर मला रस्त्यात दिसतात, आणि सख्ख्या बापाचा खिसा दिसला नाही. तुला दिसला. तुला पहिल्यापासून दिसायचं. बाबा म्हणायचे ना, कापायला हा, बघायला ती.

कसं झालं ते ऐक, कारण ही चूक शिंप्याशिवाय कुणाच्या हातून होणार नाही. निगेटिव्हची एक बाजू चकचकीत, एक मंद. चकचकीत बाजू वर ठेवायची असते. आणि आपला हात? कापडाची सुलट बाजू, चमकदार बाजू, नेहमी टेबलावर खाली, आणि खडू उलट्या बाजूवर. उभं आयुष्य हात तेच करत आला. निगेटिव्ह हातात आली तशी हाताने चमक खाली घातली, मला न विचारता. अख्खा फोटो उलटा! आरशातला!

आणि मग बघ काय काय सुटत गेलं. घड्याळात चारला दहा कमी नव्हतेच. आरशात बघ, ते आठ वाजून दहा मिनिटं होतात. सकाळ! आई दीड महिना सांगत होती सकाळ म्हणून. सकाळचं ऊन पूर्वेकडून, सावल्या पाण्याकडे, म्हणजे पाणी पश्चिमेला. आम्ही सगळे जण बरोबर उलट्या दिशेला शोधत होतो.

दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि फोटो सुलटा करून ग्रुपवर टाकला. वर लिहिलं: 'माझी चूक. मूळ प्रत उलटी होती. माझ्या ताईने पकडली.' तासाभरात खांबवालीबाईंचा निरोप: "आता लांब हात उजवीकडे आला! मी सांगत नव्हते?" खांबाची उजवी-डावी बाजू जुळल्यावर तो कुठल्या नगरपालिकेने लावला ते त्यांनी ओळखलं, आणि पश्चिमेच्या पाण्याचं गणित सावलीवाल्यांनी बसवलं. संध्याकाळी कुणीतरी त्या काठाचा आजचा फोटो टाकला. तोच मनोरा, त्याच पायऱ्या, पाण्यापलीकडे तीच सुपासारखी टेकडी. मी मोबाइल आईच्या डाव्या कडेला धरला.

तिने विचारलं, "हा रस्ता पुढे उतरतो का? उतारावर एक मोठं झाड होतं."

फोटोत झाड नव्हतं. मी नकाशावरच्या फोटोंत जाऊन तो रस्ता धरला, पुढे सरकलो, उतार लागला. आणि झाड होतं, ताई. केवढं तरी!

तुझा
धाकटा

२ एप्रिल

ताई,

तिकीट सोबत आहे. तुझ्या गावाहून थेट गाडी नाही, एकदा बदलावी लागेल. बदलताना पुलावरून जाऊ नकोस, खालून वाट आहे, तुझ्या गुडघ्यांना बरी. मी फोटोंत बघितलीय. त्या स्टेशनवरचा चहा वाईट आहे असं सतरा जणांनी लिहिलंय, तेव्हा थर्मास घेऊन निघ.

आम्ही आदल्या दिवशी पोचतो. खोली अशी निवडलीय की खिडकी पाण्याकडे आहे पण जिना चढावा लागत नाही. मालक म्हणत होता, पाण्याकडच्या खोल्या वरच्याच मजल्यावर. मी त्याला त्याच्याच पाहुण्याने टाकलेला फोटो पाठवला, त्यात तळमजल्याच्या खिडकीत पाणी दिसत होतं. म्हणाला, "साहेब, तुम्ही येऊन गेलायत का?" म्हटलं, "अजून नाही."

आईने नवा ब्लाउज शिवायला घातलाय. मला नाही, हिला. म्हणते, "तुला दिला की तू महिनाभर मापं घेत बसशील." तू येणार का, हे तिने विचारलेलं नाही. पण काल हिला सांगत होती, "खिसा कुणी ओळखला, माहितीय ना?" आणि मग दिवसभर जो येईल त्याला तेच. इस्त्रीवाल्यालाही.

जबरदस्ती नाही. पण जागा दोघांनी शोधलीय, मग बघायला एकट्यानेच जायचं हे काही माझ्या आखणीत बसत नाही.

धाकटा

२८ एप्रिल

ताई,

तू स्वतः तिथे होतीस, तरी लिहितोय. कारण तू पुढे आईबरोबर होतीस आणि मी मागून सगळं बघत होतो. शिवाय ग्रुपवर लोकांनी इतकं विचारलं की मी सविस्तर लिहून काढलं. मग म्हटलं, पहिली प्रत तुला.

तू स्टेशनवर उतरलीस तेव्हा मी हात पुढे केला तो बॅग घ्यायला. तुला काय वाटलं कोण जाणे, तू बॅग दिली नाहीस, हातच धरलास. बोललीस काय तर, "चहा खरंच वाईट होता." मी दोन वर्षं मनात घोळवलेली सगळी वाक्यं तिथल्या तिथे गिळली.

सकाळी निघालो. रस्ता मी पडद्यावर इतक्या वेळा चाललोय की जणू माझं आजोळच. "आता डावीकडे चपलांचं दुकान येईल," म्हणालो आणि डावीकडे औषधांचं दुकान आलं. तू म्हणालीस, "तुझा फोटो शिळा आहे रे." आई हसत सुटली. तुझ्या टोमण्याला ती एवढी हसली, आणि मला पहिल्यांदाच राग आला नाही.

आणि मग ती पिवळी पट्टी. पायऱ्यांच्या तोंडाशी या टोकापासून त्या टोकापर्यंत. दुरुस्ती चालू, प्रवेश बंद. मी सगळं बघितलं होतं, गाड्या, खिडक्या, उतार, झाड, आणि हे नाही. आदल्याच आठवड्यात बांधली होती म्हणे. माझा चेहरा तू बघितला असशील. मी खिशातून मोबाइल काढून शेजारचा दुसरा घाट शोधायला लागलो.

तेवढ्यात शिट्टी वाजली. बघतो तर आई पट्टीच्या पलीकडे! वाकून, खालून, एका हाताने पट्टी वर धरून. वॉचमन धावत आला, "आजी, आजी! बंद आहे!"

आई म्हणाली, "माझ्या वेळेला उघडं होतं."

"कधी?"

"लग्नाला महिना झाला होता तेव्हा."

वॉचमनने माझ्याकडे बघितलं. पण तू पुढे झालीस. माझ्या मोबाइलवरचा फोटो त्याच्या नाकासमोर धरलास आणि म्हणालीस, "ही ती. हे आमचे बाबा. आणि हा माझा भाऊ. याने ही जागा घरबसल्या शोधून काढली. नाव नाही, पत्ता नाही, नुसती सावली बघून. आता तुम्ही सांगा, याला इथून परत पाठवू?"

ताई, तू 'घरबसल्या' म्हणालीस ते कौतुकाने म्हणालीस. मी नीट ऐकलं. आवाजात टोचणी नव्हती.

त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. "पाचच पायऱ्या हं. पुढे फरशी हलते." आणि पट्टी त्यानेच उचलून धरली, आपल्या दोघांसाठी.

आई पायरीवर उभी राहिली. मान उजवीकडे, मग डावीकडे. मनोरा, टेकडी, पाणी. मागच्या वेळचं 'छान आहे हो' कानात होतं. ती म्हणाली, "अगं बाई, एवढंसंच आहे!" आणि पोट धरून हसायला लागली. "तेव्हा केवढं वाटलं होतं! मी यांना म्हटलं, हा समुद्रच का? तर म्हणाले, असेल." मग बाबांसारखा हात छातीशी धरून म्हणाली, "हे असे का उभे आहेत, माहितीय? गाडीत बटण तुटलं होतं. शिंप्याचं बटण! फोटोला उभेच राहीनात. मी म्हटलं, हात ठेवा वर, कुणाला दिसतंय."

तू हसता हसता खाली बसलीस. मग रडलीस, तेही मी बघितलं. हे ग्रुपवरच्या प्रतीत लिहिलेलं नाही.

फोटो वॉचमनने काढला. मी त्याला मोबाइल कसा धरायचा ते तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगायला लागलो तर तो म्हणाला, "साहेब, तुम्ही जाऊन उभे राहा." आईच्या एका बाजूला तू, एका बाजूला मी. आपल्या सावल्या पाण्याकडे. तो फोटो टाकला आणि सावलीवाल्यांनी खाली एवढंच लिहिलं: 'सकाळ. निःसंशय.' खांबवालीबाईंनी त्यांना पहिल्यांदाच अंगठा दिला. मग जे लोक लिहीत सुटले, कुठकुठल्या देशांतले, कुणाला आपली भाषाही येत नाही, ते सगळं मी आईला वाचून दाखवतोय, रोज थोडं थोडं. कालच म्हणाली, "मला डोळे मिटले तरी दिसतंय रे आता. नीट मधोमध."

आपण जिंकलो, ताई. मी 'आपण' लिहितोय, बघ.

आता कामाचं. परत निघताना प्लॅटफॉर्मवर तू विचारलंस, "दुकानात आता उजेड बरा आहे का रे?" आणि गाडी आली. मी नुसता 'हो' म्हणालो. इतकी मोठी सफर मी मिनिटाच्या हिशोबात बसवली, पण त्या प्रश्नाचं खरं उत्तर काही वेळेवर सुचलं नाही. ते आता देतो.

उजेड बरा आहे. कटिंगचं टेबल खिडकीकडे सरकवलंय. दोन माणसं समोरासमोर उभी राहून कापू शकतील इतकी जागा झालीय. मी तोंडाने तुला जे म्हणालो होतो ते तोंडानेच परत घेईन, पण त्यासाठी तू दारात उभी असायला हवीस, पत्रात ते नीट बसत नाही.

तिकीट सोबत आहे, तुझ्या गावापासून आपल्या स्टेशनपर्यंत. बदलायची गाडी, डबा, खालची वाट, सगळं मागे लिहिलंय. परतीचं तिकीट काढलेलं नाही. विसरलो असं समजू नकोस. मी काही विसरत नाही, तुला ठाऊक आहे.

तुझा
धाकटा